ढोकळ्यावरचे लाल ठिपके

परवा रविवारी आमच्याकडे ढोकळा बिघडला. चवीला नव्हे, दिसायला. झाकण काढलं तर पिवळ्याधमक ढोकळ्यावर लाल ठिपके, गोवर उठल्यासारखे. "अहो, बेसनात काही भेसळ आहे का बघा," म्हणत सौ.ने ताट माझ्यापुढे सरकवलं. मी एक तुकडा तोंडात टाकला आणि म्हटलं, सोडा नीट कालवला गेला नाही तुझा.

"सोडा पांढरा असतो," ती म्हणाली. तेही खरंच.

मी मिरजेत एका कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या लॅबमध्ये ३१ वर्षं असिस्टंट होतो. आम्ल की अल्कली (म्हणजे चुना, सोडा असले आम्लाच्या उलट गुणाचे पदार्थ) हे ओळखायचा लिटमस कागद संपला आणि नवीन यायला महिना लागणार असं दिसलं, की मी घरून डबीत हळद न्यायचो. चमचाभर हळद स्पिरिटमध्ये ढवळायची (पाण्यात तिचा रंग उतरतच नाही म्हटलं तरी चालेल), गाळायची, त्यात फिल्टर पेपरच्या पट्ट्या बुडवायच्या आणि सावलीत वाळवायच्या. पट्टीवर चुन्याच्या निवळीचा थेंब टाकला की लालभडक! लिंबू, व्हिनेगर, नुसतं पाणी यांना मात्र पट्टी पिवळीच राहते. म्हणजे हळद अल्कलीची चुगली करते, आम्लाबद्दल चकार शब्द काढत नाही. लिटमसची सर तिला नाही, पण अडल्या वेळी पुरते.

हा सगळा खेळ करक्युमिनचा, म्हणजे हळदीला पिवळा रंग देणाऱ्या द्रव्याचा. खायचा सोडा तसा सौम्य. त्याच्या पाण्याचा पीएच (आम्ल-अल्कलीचं माप, ७ च्या वर अल्कली) साधारण ८.३, म्हणजे हळद रंग बदलायला लागते त्याच काठावर. पिठात नीट मिसळला तर ताकाचा आंबटपणा त्याला गिळून टाकतो. गुठळी राहिली तर तेवढ्या जागी आंबट कमी पडतं. शिवाय वाफेवर तापून खायच्या सोड्याचा काही भाग धुण्याचा सोडा होतो, आणि तो चांगलाच जहाल. मग ठिपका उठणारच. मी एका ठिपक्यावर लिंबू पिळलं. बघता बघता पिवळा.

"हे एवढी वर्षं सांगायला काय झालं होतं?" सौ. म्हणाली. याला उत्तर नव्हतं.

कुंकवाचंही असंच, पण तिथे एक मेख आहे. हळदीत चुना कालवला की लाल रंग येतो, आणि त्यावर लिंबू पिळलं की जातो. जुन्या पद्धतीच्या कुंकवात मात्र हळदीबरोबर लिंबाचा रसही असतो आणि टाकणखार, म्हणजे बोरॅक्सही. मग ते पिवळं का होत नाही? कारण टाकणखारात बोरॉन असतं. आंबट असताना ते करक्युमिनला धरून बसतं आणि वेगळाच लाल रंग तयार होतो. हा रंग आम्लाला भीत नाही. बारावीच्या पोरांना मी हे करून दाखवायचो: हळदीच्या पट्टीवर टाकणखाराचं पाणी, वर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल, आणि वाळवायचं. पट्टी तांबूस लाल होते. त्यावर कॉस्टिक सोड्याचा थेंब टाकला की हिरवट काळी. बोरॉन ओळखायची ही परीक्षा प्रॅक्टिकलच्या पुस्तकात असते. पण कुंकवाचा करंडा आणि ही परीक्षा यांचं नातं आहे, हे मला नोकरीला लागून बरीच वर्षं झाल्यावर कळलं. कुणी सांगितलं नव्हतं. बाजारातल्या आजच्या लाल पुड्यांचं विचारू नका, त्यांतल्या कितींना हळदीचा वास तरी लागलेला असतो!

ढोकळा खाताना व्हायचं तेच झालं. फोडणीचं तेल माझ्या पांढऱ्या सदऱ्यावर सांडलं. हळद तेलात छान विरघळते, त्यामुळे डागही झकास पडला. सौ.ने लगेच साबणाची वडी घासली आणि डाग रक्तासारखा लाल झाला. सोसायटीच्या नळावर कुणी पाहिलं असतं तर पोलीसच आले असते. मी म्हटलं, खळबळून टाक, पिवळा होईल. झाला. पण गेला नाही.

आता पट्ट्या सावलीत का वाळवायच्या ते सांगतो. करक्युमिनला ऊन सोसत नाही. प्रकाशानं त्याचा रेणू मोडतो आणि रंगच उरत नाही. सदरा दोन दिवस गच्चीवर कडक उन्हात टाकला. बुधवारी काढला तेव्हा डाग दिसेना. खूश होऊन चष्मा ठेवायला खिशात हात घातला, तर खिशाच्या आतल्या बाजूला, जिथे ऊन पोचलंच नव्हतं, तिथे तो होता. तसाच पिवळाधमक.