इतिहास शिकवता, मग मंत्रतंत्राच्या कादंबऱ्या कशा वाचता?

स्टाफरूममध्ये विचारतात, जत्रेत भेटलेले जुने विद्यार्थी विचारतात. गोव्यातल्या डिचोली तालुक्यात मी एकवीस वर्षं इतिहास शिकवतेय आणि माझ्या पिशवीत मात्र शापित मूर्ती, मांत्रिक, मध्यरात्री नाहीसा झालेला पुजारी असलं काहीतरी असतं. "टीचर, आम्हाला पुरावा मागता आणि स्वतः हे वाचता?" तुम्ही विचारलंत म्हणून आज नीट बसून सांगते.

आमच्या तालुक्यातल्या नार्व्यापासून सुरुवात करते. तिथला सप्तकोटेश्वर हा पोर्तुगिजांच्या आधी गोव्यावर राज्य केलेल्या कदंब राजांचा देव. त्याच्या वरप्रसादाने आपल्याला राज्य मिळालं, असं ते आपल्या बिरुदातच मिरवत. मूळ देऊळ दिवाडी बेटावर होतं. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांनी ते पाडलं, लिंग नदीपलीकडे नार्व्याला आलं आणि १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी तिथल्या देवळाचा जीर्णोद्धार केला. वर्गात मी एवढं सांगते, मुलं लिहून घेतात, तास संपतो.

पण 'लिंग नार्व्याला आलं' या तीन शब्दांत एक अख्खी रात्र आहे. होडी कोणाची होती? वल्हं कोण मारत होतं? १५६० साली मंगेशाला कुठ्ठाळीहून प्रियोळला नेणारे कोण? शांतादुर्गेला केळोशीहून कवळ्याला? आमच्या पाठ्यपुस्तकात त्यांची नावं नाहीत. त्या माणसांना नुसती पहारेकऱ्यांची धास्ती नसणार. आपले हात देवाला लागले, याचीही असणार. गावाचा राखणदार देवचार वाट देईल का, ही असणार. त्यांच्या लेखी देवचार म्हणजे अंधारात हाती दांडा घेऊन पुढे चालणारा, गावाची सीमा सांभाळणारा कोणीतरी होता. त्याला वगळून ती रात्र लिहिली तर ती त्या माणसांची राहत नाही, आपली होते. मला त्यांची रात्र हवी असते. ती मला अशा कादंबरीत मिळते.

गेल्या पावसाळ्यात एक वाचली, त्यातला प्रसाद-पाकळीचा प्रसंग अजून डोक्यातून जात नाही. गोव्याबाहेरच्यांसाठी सांगते. मूर्तीच्या अंगावर पाण्याने पाकळ्या लावतात, गाऱ्हाणं घालतात आणि वाट बघतात. उजवीकडची आधी पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. माझ्या लग्नाच्या वेळी आजीने प्रसाद घेतला होता. पाऊण तास काही हललं नाही. गाभाऱ्यात समईच्या तेलाचा वास, भटजींच्या कानामागून ओघळणारा घाम, आणि आजीने माझं मनगट इतकं घट्ट धरलेलं की तिच्या पाटल्यांचे वळ उमटले. पाकळी पडली तेव्हा आवाज झाला नाही, तरी सगळ्यांनी एकदम श्वास सोडला. हे ज्याने अनुभवलंय त्याला ती कादंबरी वेगळीच लागते.

कादंबरीत राज्याचा वारस ठरवायचा असतो आणि तीन दिवस सतत डावीच पाकळी पडते. देवळाचा एक हिशेबनीस शोध घेतो. त्याला दिसतात त्या मुंग्या. मूर्तीच्या उजव्या खांद्यावर मुंग्यांची ओळ लागलेली असते, कारण ती पाकळी कोणीतरी काकवीने चिकटवलेली असते! मी वाचता वाचता उठून उभी राहिले. पुढचा सगळा उलगडा माणसांच्या लोभातून होतो, धागा न् धागा सुटतो. आणि शेवटी तो हिशेबनीस एकटाच गाभाऱ्यात जातो, साध्या पाण्याने पाकळी लावतो. गाऱ्हाणं घालायला तोंड उघडतो, त्याच्या आतच ती पडते. लेखक तिथे काही समजावत बसत नाही.

हे असंच हवं. गुन्हा माणसाचा असेल तर उत्तर माणसाने शोधावं, देवाचं देवाकडे राहू द्यावं. शेवटच्या पानावर मंत्र म्हणून खुनी पकडून देणारी पुस्तकं मला आवडत नाहीत, ती वाचकाला फसवणं झालं. सगळी जादू म्हणजे शेवटी रसायनांची भुकटीच, असं दाखवणारीही नकोत.

आणि पुरावा मी सोडत नाही हं. कदंबांच्या स्वयंपाकघरात मिरची वाटली जाताना दिसली की मी पुस्तक मिटते. मिरची, काजू, अननस हे सगळं पोर्तुगीज आल्यानंतरचं. त्या काळचा तिखटपणा मिऱ्यांचा. जो लेखक मिऱ्यापाशी चुकत नाही, त्याचा मांत्रिक मी मानते.

परवा नववीच्या मुलांना घेऊन नार्व्याहून फेरीबोटीने दिवाडीला गेले. मधोमध पोचल्यावर एकीने विचारलं, "टीचर, लिंग आणताना कशात गुंडाळलं असेल?" मी म्हटलं, कुठे लिहिलेलं मी तरी वाचलं नाही, तुम्हीच सांगा. मग पलीकडे पोचेपर्यंत तेच चाललं. कोणी म्हणे कांबळीत, कोणी म्हणे केळीच्या पानांत. मागे रेलिंगला टेकून उभा असलेला एक मुलगा, जो वर्गात कधी बोलत नाही, म्हणाला, "पेंढ्यात. म्हणजे लांबून भाताची होडी वाटणार."