तरीपलीकडची डिझेल बुलेट

शनिवार, रात्री दहा

उद्या मेडिकल दादा बघेल. महिन्यातले दोन रविवार माझे, हे गेल्या वर्षी भांडून ठरवून घेतलंय, त्यात आता कोणाची लुडबूड नको.

येझदीत, म्हणजे आमच्या जुन्या मोटरसायकलीत, पाच लिटर पेट्रोल टाकलं आणि त्यात दोनशे मिली टू-टी ऑइल. मापाला दुकानातलीच खोकल्याच्या औषधाची शंभर मिलीची रिकामी बाटली. दोन बाटल्या ओतल्या, टाकी हलवली, झालं. पंपावरचा पोरगा आजही विचारत होता, "ताई, पेट्रोलात ऑइल कशाला?" त्याचा जन्म झाला तेव्हा पेट्रोलातल्या ऑइलवरच वंगण मिळणाऱ्या टू-स्ट्रोक गाड्या भंगारात निघाल्या होत्या, त्याचा काय दोष.

उरलेलं ऑइल फडक्यावर घेऊन हॅण्डल, चाकांच्या रिमा आणि दोन्ही सायलेन्सरवर फिरवलं. समुद्रापासून पाऊण किलोमीटरवर राहायचं आणि क्रोम चकचकीत ठेवायचं, हे दोन्ही जमत नाही. खारा वारा दाराच्या कड्या खातो, गाडीला काय सोडणार? आमच्या रिमांना पुळ्या आल्यासारखे ठिपके आहेत. ऑइलने ते जात नाहीत, वाढायचे थांबतात इतकंच.

पुण्याच्या त्या गृहस्थांचा परत मेसेज आला. जुन्या गाड्या सोलून, रंगवून, क्रोम चढवून देतात. "ताई, टाकी उतरवून द्या, तीन महिन्यांत शोरूममधून काढल्यासारखी करून देतो." मी उत्तर दिलं नाही. शोरूममधून काढल्यासारखी ही गाडी १९८४ सालात होती, एक दिवस. त्यानंतर चाळीस वर्षं ती अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, वापरली आणि मी वापरली. टाकीच्या डाव्या अंगाला अण्णांचा गुडघा घासून काळा रंग पार उडालाय, आतला पत्रा दिसतो. तो घालवायला पैसे मोजायचे? सगळ्या रिस्टोअर केलेल्या गाड्या मला लग्नाच्या हॉलमधल्या नवरीसारख्या दिसतात. कोणाची कोण ते ओळखूच येत नाही.

अण्णा ओटीवर बसून हे सगळं बघत होते. काही बोलले नाहीत.

रविवार, रात्री साडेनऊ

पाठ भरून आलीय, पण आजचं आजच लिहिते.

पावणेसहाला निघाले. थंडी आपल्याकडची, म्हणजे स्वेटर घालावा की नको अशा बेताची. येझदीची किक आणि गिअरची दांडी एकच. आत दाबून वर फिरवली की किक, गाडी सुरू झाली की परत खाली पाडून गिअर. पहिल्यांदा बघणारा माणूस हमखास थबकतो. आज तिसऱ्या किकेला लागली. आमच्या आळीतल्या कुत्र्यांना तेवढ्यानेच राग येतो.

आरे-वारेचा रस्ता सकाळी सहा-साडेसहाला करावा, नाहीतर करूच नये. नऊनंतर तिथे फक्त सेल्फी असते. सुरूच्या बनातून गाडी वर चढते, वळणावर खाली एकदम आख्खा किनारा उघडा पडतो, आणि टू-स्ट्रोकचा तो टणटणीत आवाज कड्यावर आपटून परत कानावर येतो. अण्णा बांधकाम खात्यात ओव्हरसियर होते. साइटवर जायला त्यांनी हीच गाडी दामटली. मागे मोजपट्टीची पेटी, पुढे टाकीवर मी. त्यामुळे टाकीच्या रंगाचा काही भाग माझ्याही चड्डीने घासलेला असणार.

गणपतीपुळ्याला लॉजच्या बाहेर एक राजदूत ३५० उभी होती, पुण्याच्या नंबरची. पाय आपोआप ब्रेकवर गेला. १९८३ साली एस्कॉर्ट्सने यामाहाची आरडी ३५० आपल्याकडे राजदूत नावाने आणली. दोन सिलेंडर, टू-स्ट्रोक. पहिली हाय टॉर्क, म्हणजे जास्त ओढीची, साडेतीस हॉर्सपॉवरची. पुढे लो टॉर्क आली, सत्तावीसची. छोट्या इंजिनांवर लोक खूश होते त्या काळात ही म्हणजे वरातीत सोडलेला वळू. पेट्रोल इतकं प्यायची की घेणाऱ्यांनी लवकरच विकून टाकली, आणि आता त्याच गाडीसाठी लोक जमिनीच्या भावात पैसे मोजतात. मालक झोपलेला असणार. मी दोन फेऱ्या मारल्या, मागचे लाइट बघितले, वास घेतला. हो, वास घेतला. जुन्या टू-स्ट्रोकच्या सायलेन्सरच्या तोंडाशी एक जळकट गोडसर वास असतो. पण ही गाडी इतकी धुतलेली होती की नुसता पॉलिशचा वास आला.

मालगुंड सोडलं आणि जयगडच्या चढाला येझदी खोकायला लागली. दोन झटके आणि बंद.

रस्त्याकडेला जांभ्याच्या गडग्याला टेकवून उभी केली. मागून पाववाला आला, एम-८० वर, भोंगा वाजवत. या गाड्यांवर खरं तर कोणीतरी प्रबंध लिहायला हवा. पाववाला, मासेवाला, कुल्फीवाला, निम्मं कोकण एम-८० आणि लुनाने जेवू घातलंय, पण जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनात त्यांना कोणी उभं करत नाही. तो थांबला. "ताई, प्लग बघितलात?" बंद गाडीपाशी थांबणारा प्रत्येक माणूस हे विचारतो.

प्लग काढून इंजिनाच्या हेडवर ठेवला आणि पाववाल्याला हाताने किक मारायला सांगितली. ठिणगी होती, पण लालसर, मरतुकडी. चांगली ठिणगी निळी पडते आणि चट् असा आवाज येतो. म्हणजे पॉइंट. उजव्या बाजूचं कव्हर स्क्रू काढून सोडवलं. आत दोन छोट्या धातूच्या टिकल्या, इंजिनाच्या प्रत्येक फेऱ्याला उघडमीट करणाऱ्या. उघडल्या की ठिणगी पडते. पण दरवेळी थोड्याशा जळतात, त्यावर काजळी आणि एक बारीक खड्डा पडतो. पॉलिश पेपरची पट्टी मधे घालून दोन-चार वेळा ओढली. मग फटीचं माप. ते हवं ०.४ मिलिमीटर, आणि मापाच्या पट्ट्या घरी राहिलेल्या. पण टूलबॅगमध्ये मामेबहिणीच्या लग्नाची पत्रिका होती, जाड कागदाची. तिचा कोपरा फाडून टिकल्यांमध्ये सरकवला. अडकला नाही, सुटाही पडला नाही. बरोबर. बहिणीचं लग्न टिकलं नाही, पत्रिका मात्र तीन वर्षं कामाला येतेय. (हे तिने वाचू नये.)

पुन्हा किक. चट्. निळी.

पाववाल्याने पैसे घेतले नाहीत, उलट दोन पाव हातात दिले. गरम होते.

जयगडच्या जेट्टीवर तरीसाठी रांग होती. फेरीबोट म्हणतात आता, पण आमच्या घरात अजून तरीच. शेवाळलेल्या उतारावरून गाडी न्यायची तर पुढचा ब्रेक विसरायचा, हे अण्णांनी शिकवलेलं. पुढे पाच-सहाजणांचा मुंबईचा घोळका, मोठाल्या नव्या गाड्या, गुडघ्यांना चिलखतं. त्यातल्या एकाकडे नवी जावा होती. तो माझ्या गाडीभोवती फिरून म्हणाला, "मॅडम, हे कुठलं मॉडेल? यात एबीएस येतं का?"

मी म्हटलं, "रोडकिंग. १९८४." एबीएस म्हणजे ब्रेक मारल्यावर चाक जागीच अडकू नये म्हणून नव्या गाड्यांत असलेली सोय. त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. पोरगा चांगला होता, विचारत राहिला. तर बोट शास्त्रीची खाडी ओलांडेपर्यंत मी त्याला सांगितलं, की म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यात आधी झेकोस्लोव्हाकियाच्या जावा बनायच्या, मग १९७३ पासून त्याच कारखान्याने येझदी नाव घेतलं. मालक इराणी, त्यांच्या मूळ मुलखातल्या यझ्द शहरावरून नाव पडलं असं म्हणतात. आणि झेक भाषेत तसाच शब्द आहे, त्याचा अर्थ चालते. १९९६ साली कारखाना बंद पडला. तो म्हणाला, जुलैच्या दुसऱ्या रविवारी जावा-येझदीवाले सगळीकडे एकत्र राइड काढतात, तुम्ही येता का? म्हटलं, बाबा, जुलैच्या दुसऱ्या रविवारी आमच्याकडे आभाळ फाटलेलं असतं. गाडी ओटीवर आणि आम्ही घरात.

तवसाळला उतरून रोहिले मागे टाकलं. हेदवीच्या अलीकडे एका आंब्याच्या बागेत कोणाकडे तरी "पंपाची बुलेट" आहे, हे मला आमच्या मेस्त्रींनी दिवाळीत सांगितलं होतं. दोनदा चुकले. शेवटी आवाजानेच सापडली. मोहोरावर फवारणी चालली होती, तिचा पंप फटफटत होता. मला वाटलं बुलेटच आली. बागवाले काका हसले. "दोघांचा आवाज एकच गो बाय. जातच एक."

मांगरात, म्हणजे बागेतल्या कौलारू खोपीत, उभी होती. एन्फिल्ड टॉरस. आपल्याकडे कारखान्यातून निघालेली डिझेल मोटरसायकल. सांगाडा बुलेटचा, इंजिन ग्रीव्ह्ज-लोम्बार्डिनीचं, पंपाला असतं त्याच जातीचं, ३२५ सीसी, साडेसहा हॉर्सपॉवर. गणपतीपुळ्याच्या त्या राजदूतच्या पाव हिश्शाहून कमी ताकद आणि वजन मात्र तिच्यापेक्षा दणकट. ताशी पासष्टच्या पुढे जायचं नाव घेत नाही. धूर आणि प्रदूषणाचे नियम आले आणि बंद झाली.

दिसायला? काय सांगू. टाकी हिरवी, तीही होडीची. पुतण्याने होडी रंगवली, त्यातला डबा उरला, तो काकांनी हिला फासला. मडगार्डवर पांढरा पट्टा, तोही होडीसारखा. सीटवर गोणपाट. मागे आंब्याच्या क्रेटसाठी लोखंडी घोडा वेल्डिंग केलेला. पुण्याच्या गृहस्थांना चक्कर आली असती. मला तर तिच्यापासून हलावंसं वाटेना.

"चालू करून दाखवू?" हे मी विचारायच्या आधी त्यांनीच म्हटलं. एका हाताने कंप्रेशनची दांडी, म्हणजे इंजिनातला दाब सोडणारी, उचलून धरली. पायाने किक सावकाश दोन-तीन वेळा फिरवली, विहिरीचा रहाट फिरवावा तशी. मग दांडी सोडली आणि सत्तरीतला तो माणूस सगळं अंग टाकून किकवर उभा राहिला. धप्. काळा धूर. धप्, धप्, धप्. मांगराची कौलं वाजायला लागली, खुंटीवरचा कोयता हलायला लागला. हॅण्डलला हात लावून बघितला, तर हाताला कोपरापर्यंत मुंग्या.

"एव्हरेज काय देते तुझी?" काकांनी विचारलं.

"तीस. मनात आलं तर."

"ही सत्तर. आणि रिंगा, नोझल पंपवाल्याकडे मिळतात. कंपनी गेली तरी पंप कुठं जातायत?" कोल्हापूरकडच्या एका शेतकऱ्याकडून घेतलेली. आंबा घाट उतरून आणली तेव्हा दोन्ही हातांना चार दिवस चमचा धरवत नव्हता म्हणे.

मी त्यांना म्हटलं, हिचा मूळ रंग काय होता? काका विचारात पडले. "काळा असंल. की करडा? कोण बघतो गो." मग मी जरा पुस्तकी बोलले, की मूळ स्थितीत ठेवलेल्या गाडीला मोल असतं, २०२१ पासून पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना विंटेज म्हणून वेगळी नोंदणी मिळते, नंबरात व्हीए अक्षरं येतात. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "मग ती गाडी रोज वापरायला मिळती?" नाही, म्हटलं, रोजच्या कामाला नाही चालत. "मग काय उपयोग," असं म्हणून ते क्रेट बांधायला लागले.

निघताना कोकमाचं सरबत दिलं. येझदीला एकदा नीट न्याहाळून म्हणाले, "चांगली आहे. जरा रंग मार."

परतीला ऊन चटका देत होतं, गणपतीपुळ्याला गाड्यांची लाइन, आरे-वारेला सेल्फी. ते लिहित नाही. घरी गेट उघडायच्या आधीच ओटीवरून आवाज, "पॉइंट घासलेस वाटतं." म्हटलं, कसं कळलं? "सकाळी जाताना अडखळत होती. मला वाटलं मालगुंडपर्यंत जाईल." मालगुंडच्या पुढेपर्यंत गेली, हे मी अभिमानाने सांगितलं.

मंगळवार

आज दुपारी अण्णांना टॉरसचे फोटो दाखवले. हिरवी टाकी बघून ते इतके हसले की ठसका लागला. "होडीचा रंग! हुशार माणूस. खाऱ्या वाऱ्याला तोच टिकतो."

मग बोलता बोलता पुण्याच्या मेसेजचं सांगितलं. म्हटलं, मी काही देणार नाही टाकी. तुमच्या गुडघ्याची खूण आहे ती.

अण्णा थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "मला लाल हवी होती."

"काय?"

"गाडी. लाल सांगितली होती बुकिंगला. आली ती काळी. थांबलो असतो तर अजून कोण जाणे किती महिने, आणि साइट सुरू झालेली. म्हणून घेतली. मला काळा कधी आवडलाच नाही. उन्हात उभी केली की बसायची सोय नाही." आणि जरा थांबून, "तुझ्या आईला विचार. तिला माहितेय."

आईला विचारलं. ती कोयंड्यात अडकलेल्या किल्लीशी झटत होती. म्हणाली, "लालच हवी होती. सहा महिने तोंड पाडून फिरवली त्यांनी."

संध्याकाळी गाडीपाशी उभी राहिले, टाकीच्या उघड्या पत्र्यावर अंगठा फिरवला. मग मेस्त्रींना फोन लावला. पुण्याला नाही, इथल्याच आमच्या. नुसती टाकी आणि दोन मडगार्ड. म्हणाले, करून देतो, पण लाल म्हणजे कुठला लाल ते सांगा, ताई. दहा लाल आहेत.

फोन अण्णांकडे दिला.