गृहआधारचा माग राजपत्रातून काढताना

गृहिणींना दरमहा मदत देणारी गोवा सरकारची गृहआधार योजना 2012 साली महिना 1000 रुपयांनी सुरू झाली, मग 1200 झाले, मग 1500. एवढं कुणीही सांगेल. पण नेमकं कोणत्या महिन्यापासून, हे लिहायला बसलं की घोळ सुरू होतो. एकाच वाढीला चार तारखा असतात: अर्थसंकल्पी भाषणाची, अधिसूचनेची, अंमलाची आणि पासबुकात पैसे दिसल्याची. कात्रणांत पहिली सापडते, लोकांच्या तोंडी चौथी. मी वहीत चारही रकाने आखतो, पण योजना बदलली ती तिसऱ्या तारखेला, असंच धरतो. गणेशचतुर्थीच्या तोंडावर थकबाकी जमा झाली तर तिलाच वाढ समजणारे पुष्कळ भेटतात.

माग काढायचा तो गोवा सरकारच्या राजपत्राच्या पहिल्या मालिकेतून. ती दर गुरुवारी निघते आणि तिचे क्रमांक एप्रिलपासून नव्याने सुरू होतात. त्यामुळे नुसतं ‘2016, क्रमांक 40’ असं टिपून ठेवलं तर फसगत ठरलेली, कारण 40 वा अंक पुढल्या वर्षाच्या जानेवारीत येतो. शिवाय असाधारण अंक, म्हणजे आठवड्याच्या मध्येच काढलेले जादा अंक, मागच्या साप्ताहिक अंकाचाच क्रमांक घेऊन निघतात. म्हणून मालिका, क्रमांक, असाधारण असल्यास त्याचा क्रमांक आणि पूर्ण तारीख, सगळं उतरवून घ्यायचं. मथळ्यावर शक तारीखही छापलेली असते. स्कॅन पुसट असला की तिचाच आधार.

दुरुस्तीची अधिसूचना वाचताना डोकं ठिकाणावर हवं. तिच्यात अख्खी योजना नसते. ‘अमुक कलमात “1200” ऐवजी “1500” हा आकडा घालावा’ एवढी एकच ओळ, आणि खाली अंमल कधीपासून ते. ही ओळ आधीच्या दुरुस्तीनंतरच्या मजकुराला लागते, मूळ योजनेला नव्हे. मूळ प्रतीत 1200 शोधत बसाल तर तिथे 1000 च दिसणार. म्हणून मी मूळ मजकूर टंकून घेतो आणि प्रत्येक दुरुस्ती त्यात घालून तारखेच्या नावाने वेगळी फाइल ठेवतो. शोधलेला आकडा सापडलाच नाही, तर मधली एखादी दुरुस्ती निसटली हे तिथेच कळतं. खात्याच्या संकेतस्थळावरची प्रत या कामाला निरुपयोगी. ती ताजी असते, पण जुनी पुसून बसवलेली.

खरा बदल बहुधा अटींत असतो: उत्पन्नाची मर्यादा, 15 वर्षांचं वास्तव्य, हयातीचा दाखला. केंद्राच्या वृद्धापकाळ पेन्शनमध्ये 60 ते 79 वयाला केंद्राचा वाटा 200 रुपयेच आहे, पण 2011 मध्ये पात्रतेचं वय 65 वरून 60 वर आणलं. रकमेच्या तक्त्यात याचा मागमूस नाही. उलट लाभार्थी घटले म्हणून अट कडक झाली असंही नव्हे. हयातीचे दाखले वेळेत आले नाहीत तरी आकडा घसरतो.

खर्चासाठी अर्थसंकल्पातली अनुदानाच्या मागण्यांची पुस्तकं पाहायची, त्यात मुख्य शीर्ष 2235, म्हणजे सामाजिक सुरक्षा व कल्याणाचं खातं. दयानंद सामाजिक सुरक्षा ही राज्याची पेन्शन योजना समाजकल्याण खात्याकडे आणि गृहआधार महिला व बालविकासकडे, म्हणून दोन ठिकाणी पाहायचं. प्रत्यक्ष खर्च दोन वर्षांनंतरच्या पुस्तकात येतो: 2016-17 चा 2018-19 च्या. अंदाजपत्रकी तरतूद खर्च म्हणून छापणं ही नेहमीची चूक.

गृहआधारच्या बाबतीत एक सोय आपोआप झाली आहे. ती आणलीच मुळी महागाईचं कारण देऊन, आणि ग्राहक किंमत निर्देशांकाच्या मालिकेचं आधारवर्षही 2012 = 100 होतं. डिसेंबर 2019 मध्ये अखिल भारतीय निर्देशांक 150 च्या आसपास होता. म्हणजे त्या महिन्यात हातात पडलेले 1500 रुपये 2012 च्या 1000 एवढेच.