भरतीचा आलेख: तीन इयत्तांच्या वर्गात तंत्रज्ञान रुजवताना

रत्नागिरी जिल्ह्याच्या किनारपट्टीवरील जिल्हा परिषदेच्या एका शाळेत मी शिकवते. पाचवी, सहावी आणि सातवी या तीनही इयत्ता माझ्याकडे एकाच खोलीत बसतात. वर्गात तंत्रज्ञान आणायचे म्हणजे प्रोजेक्टर खरेदी करायचा, असा समज अनेक ठिकाणी दिसतो. आमच्याकडे खरेदी हा त्यातला सर्वांत सोपा भाग ठरला. गणपतीला गावी आलेल्या चाकरमान्यांपुढे शाळा व्यवस्थापन समितीने विषय मांडला, लोकवर्गणी जमली आणि प्रोजेक्टर व दोन लॅपटॉप घेण्याचा ठराव झाला.

खरेदीआधी वायरिंग आणि अर्थिंग नीट करून घ्यावे, हा आग्रह मी धरला होता. आमची शाळा जांभ्यावर उभी आहे. ही जमीन उन्हाळ्यात कोरडी ठणठणीत पडते आणि अर्थिंग कमजोर होते. त्यामुळे खड्ड्यात कोळसा व मीठ भरून घेतले आणि उन्हाळ्यात तेथे नियमित पाणी ओतण्याची जबाबदारी समितीच्या एका सदस्यांनी स्वीकारली. वळवाच्या आणि परतीच्या पावसात विजा कडाडू लागल्या की सर्व प्लग काढून ठेवायचे, हा नियम मुलांनीच वर्गाच्या भिंतीवर लावला आहे. खाऱ्या, दमट हवेने यंत्रे लवकर खराब होतात, म्हणून ती बंद कपाटात ठेवतो आणि पावसाळ्यात त्या कपाटात एक लहान बल्ब लावून ठेवतो. या गोष्टी प्रशिक्षणात फारशा येत नाहीत, पण कोकणात यंत्र किती वर्षे चालणार हे त्यांच्यावरच ठरते.

पुढचा प्रश्न आशयाचा होता. संचासोबत आलेले तयार पाठ परवान्याची मुदत संपताच उघडेनासे झाले, आणि नूतनीकरणासाठी पुरवठादाराने मागितलेली रक्कम आम्हाला परवडणारी नव्हती. त्यानंतर आम्ही फक्त विनामूल्य साधनांवर भर दिला. 2017 साली सुरू झालेल्या दीक्षा या शासकीय ऑनलाइन मंचावरील साहित्य, गणितासाठी व आलेखांसाठी जिओजेब्रा हे सॉफ्टवेअर आणि कोलोरॅडो विद्यापीठाची फेट सिम्युलेशन्स, म्हणजे पडद्यावर करून पाहायचे प्रयोग, ही आमची मुख्य साधने आहेत. फेटमधील अनेक सिम्युलेशन्सचे मराठी भाषांतर झालेले आहे आणि ती उतरवून घेतली की इंटरनेटशिवाय चालतात. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींना 2020 साली जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, तो पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोडची जोड देण्याच्या त्यांच्या कामामुळेही. बालभारतीच्या पुस्तकांत हे कोड आता सर्वत्र दिसतात. आमच्या गावात मात्र रेंज सड्यावरच, म्हणजे गावावरच्या उंच कातळी पठारावरच मिळते. म्हणून पुढच्या आठवड्याला लागणारे साहित्य मी सड्यावर जाऊन उतरवून घेते आणि वर्गात ते इंटरनेटशिवाय वापरते.

अध्यापनात खरा बदल झाला तो सातवीच्या भूगोलातील भरती-ओहोटीच्या पाठाने. पृथ्वीच्या दोन्ही बाजूंना पाण्याचे फुगवटे दाखवणारी चित्रफीत मुलांनी शांतपणे पाहिली. ती संपल्यावर एका मुलीने विचारले, "बाई, मग अष्टमीला भांग का असते? चंद्र तर तेव्हाही असतोच ना?" तिचे वडील मासेमारी करतात, त्यामुळे उधाण म्हणजे सर्वांत मोठी भरती आणि भांग म्हणजे सर्वांत लहान भरती, हे शब्द तिला पुस्तकाच्या आधीपासून ठाऊक होते. त्या प्रश्नावर मी पाठ तेथेच थांबवला आणि तीनही इयत्तांना पुरेल असे काम आखले.

मोजमापाची सुरुवात एका मुलाच्या आजोबांनी करून दिली. आमच्या विनंतीवरून ते वर्गात आले आणि म्हणाले, "तिथीची पाऊणपट केलीत की भरतीची वेळ येते." म्हणजे चतुर्थीला 3 वाजता, अष्टमीला 6 वाजता आणि पौर्णिमेला किंवा अमावस्येला सव्वाअकराला. पाचवीच्या मुलांनी या नियमाने पंधराही तिथींच्या वेळा काढल्या, आणि तासाचा तीन चतुर्थांश म्हणजे 45 मिनिटे हे त्यांना वेगळे शिकवावे लागले नाही. सहावीच्या मुलांनी सेंटिमीटरच्या खुणा केलेला बांबू जेटीच्या खांबाला बांधला आणि मोठ्यांच्या सोबतीने दिवसाच्या भरतीच्या नोंदी घेतल्या. माथ्यावर पाणी बराच वेळ थबकल्यासारखे दिसते, त्यामुळे नेमकी वेळ कोणती यावर त्यांच्यात वाद झाला. शेवटी त्यांनी युक्ती काढली: चढताना पाणी ज्या खुणेला लागते आणि उतरताना ज्या वेळी त्याच खुणेला परत येते, त्या दोन वेळांचा मध्य घ्यायचा. ही युक्ती मी सुचवलेली नव्हती, हे मला आवर्जून नोंदवावेसे वाटते.

लॅपटॉप उघडला तो यानंतर. मुलांनी तक्त्यात आकडे भरले आणि जिओजेब्रामध्ये आजोबांच्या नियमाची सरळ रेषा व आपल्या नोंदींचे ठिपके एकाच आलेखावर काढले. पुस्तकात भरती रोज सुमारे 50 मिनिटे उशिरा येते असे वाचलेले होते, पण ठिपके एका सरळ रेषेत बसले नाहीत. अमावस्येच्या आसपास हा उशीर 50 मिनिटांहून कमी होता आणि अष्टमीच्या सुमारास तो तासाच्याही पुढे गेला. आपले मोजमाप चुकले असे मुलांना वाटले. भारतीय सर्वेक्षण विभाग दरवर्षी भरती-ओहोटीच्या सारण्या प्रसिद्ध करतो. त्यातील जवळच्या बंदराची सारणी पडताळली, तेव्हा तिच्यातही असाच चढउतार आढळला.

कारण शोधण्याचे काम सातवीकडे होते. सूर्यसुद्धा पाणी ओढतो, पण त्याचा प्रभाव चंद्राच्या निम्म्याहून कमी असतो. अमावस्या-पौर्णिमेला दोघांची ओढ एका रेषेत येऊन उधाण होते. अष्टमीला ती काटकोनात येते, म्हणून भांग. मधल्या तिथींना सूर्याचा फुगवटा चंद्राच्या फुगवट्याला थोडा पुढे किंवा मागे खेचतो आणि भरतीची वेळ सरकते. आता तीच चित्रफीत पुन्हा लावली, तेव्हा मुले ती मध्येच थांबवून एकमेकांना समजावून सांगू लागली.

या कामानंतर मी पाठांचा क्रमच बदलला. आधी प्रश्न आणि मोजमाप, नंतर पडदा, असे आमचे ठरले आहे. विद्युत परिपथ शिकवतानाही बॅटरी, तार व बल्ब हाताळून झाल्यावरच फेटचा परिपथ उघडतो, कारण बल्ब आधी एकापुढे एक व मग समांतर जोडून पाहिलेल्या मुलाला पडद्यावर धावणाऱ्या इलेक्ट्रॉनांना काय विचारायचे ते माहीत असते. बहुवर्ग अध्यापनातही याचा मोठा उपयोग होतो. एक इयत्ता लॅपटॉपवर आलेख तपासत असते, दुसरी वस्तू हाताळत असते, आणि मला तिसरीजवळ निवांत बसता येते.

वीजबिलासाठी समितीने वर्गणीतील काही रक्कम बाजूला ठेवली आहे, पण कायमची तरतूद अजून झालेली नाही आणि त्यासाठी ग्रामपंचायतीकडे आमचा पाठपुरावा चालू आहे. दरम्यान सहावीची मुले आता भरतीची उंचीही नोंदवणार आहेत. बांबू सरकला तर आकडे जुळत नाहीत, म्हणून जेटीच्या खांबावर रंगाने कायमची मोजपट्टी काढू द्यावी, असा अर्ज त्यांनी स्वतः लिहून ग्रामपंचायतीला दिला आहे.