भास्करचा ब्रश आणि माझे ३९ दिवस

लांब केसांच्या कुत्र्याला घरी ब्रश कसा करायचा, हे मला आता बऱ्यापैकी जमतं. पण त्याबद्दल लिहायला बसले की आधी तो रबरी हातमोजाच डोळ्यांपुढे येतो आणि डोकं तापतं. त्यामुळे ज्यांना फक्त ब्रशची माहिती हवी आहे त्यांनी मधला भाग सोडून पुढे वाचलं तरी चालेल. मला मात्र तो सांगितल्याशिवाय राहवणार नाही.

आमचा कुत्रा मुळात आमचा नव्हे. पुतण्याने ठाण्याच्या फ्लॅटात हौसेने आणलेला गोल्डन रिट्रीव्हर, नाव ऑस्कर. पुढे बाळ झालं, जागा अपुरी पडायला लागली, आणि मे महिन्यात आंबे न्यायला आलेली मंडळी जाताना कुत्रा ठेवून गेली. सासूबाईंच्या तोंडात ऑस्कर बसेना. दोन दिवसांत त्याचा भास्कर झाला. त्यालाही ते पटलेलं दिसतं, कारण ऑस्कर म्हटलं तर तो नुसता कान हलवतो, भास्कर म्हटलं की उठतो.

आमचं घर गुहागर तालुक्यात, समुद्रापासून चालत दहा मिनिटांवर. पुढे खळं, मागे नारळी-पोफळीची वाडी. भास्करबरोबर दोन भांडी, साखळी आणि लाकडी मुठीचा एक ब्रश आला होता. ब्रशच्या काड्यांना टोकाशी बारीक मणी. रोज संध्याकाळी पडवीत बसून मी तो त्याच्या पाठीवरून फिरवायची. केस असे चमकायचे की वाटेने जाणारा थांबून हात फिरवी. मला त्याचा फार अभिमान होता. दीड महिना मी रोज न चुकता कुत्र्याचा फक्त वरचा थर विंचरत होते, हे जुलै लागेपर्यंत कळलंच नाही.

एका दुपारी कानामागे हात गेला आणि वाटलं, नारळाच्या सोडणाचा तुकडा अडकलाय. ओढून बघितलं तर भास्कर कळवळला. सोडण नव्हतं, केसच होते, पिळून घट्ट झालेले. मग पुढच्या पायांच्या बगलेत चाचपलं, तिथे दोन गाठी. शेपटीच्या मुळाशी एक. पट्ट्याखाली तर सलग पट्टीच.

तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या डॉक्टरांनी बगलेतल्या दोन्ही गाठी मशीनने काढल्या. एकीखाली कातडी लाल आणि ओली झाली होती. त्यांनी समजावलं ते असं: या जातीला दुहेरी केस असतात. बाहेरचे लांब, पाणी सहसा आत न जाऊ देणारे. आत मऊ, दाट लोकर. झडणारी लोकर बाहेर पडत नाही, लांब केसांतच अडकते. त्यात पावसाची ओल, आणि आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. लोकर ओली होते, घासली जाते आणि तिचा नमदा बनतो. मण्यांचा ब्रश त्यावरून नुसता घसरत जातो. मी म्हटलं, "मग सगळे केसच उतरवा ना, उकडतं तरी कमी." डॉक्टर म्हणाले, नको, उन्हापासून हेच केस वाचवतात आणि उतरवल्यावर परत पहिल्यासारखे येतील याची खात्री नसते. स्लिकर ब्रश, म्हणजे बारीक वाकड्या तारांचा, आणि स्टीलचा कंगवा आणा, म्हणाले.

इथून पुढे माझा जुलै आणि ऑगस्ट गेला.

बाजारात साखळ्या, पट्टे, कोंबड्यांचं खाद्य विकणाऱ्या दुकानात विचारलं. दुकानदाराने गंज काढायचा तारेचा ब्रश पुढे केला. चिपळूणला मिळाला तो पिल्लांचा, तारा जेमतेम अर्ध्या इंचाच्या. म्हणून १४ जुलैला ऑनलाइन मागवला. फोटोत बरोबर तोच, वाकड्या बारीक तारांचा, मोठ्या कुत्र्यांसाठी असं लिहिलेला. ४९९ रुपये, आधीच भरलेले.

आमच्या वाडीत रेंज नाही. रेंज आहे ती वर सड्यावर, म्हणजे डोंगरावरच्या कातळाच्या माळावर, एका रायवळ आंब्याखाली, आणि तीही वारा नसेल तेव्हा. बाविसाव्या तारखेला कुरिअरवाल्या पोराचा फोन नेमका मी तिथे असताना लागला. "काकू, ओटीपी सांगा." ओटीपी आला नव्हता. मी सड्यावर छत्री धरून उभी, तो खाली बाजारात, आणि मध्ये धो धो पाऊस. ओटीपी आला तेव्हा तो पुढच्या गावाला गेलेला. शेवटी पार्सल किराणा दुकानात ठेवलं, हे दूध घालायला गेले तेव्हा घेऊन आले.

उघडलं तर आत रबरी हातमोजा. एकच, उजव्या हाताचा. तळव्यावर रबरी फुगवटे. आखूड केसांच्या कुत्र्याचे सुटे केस निघतात त्याने. भास्करवर फिरवला तर त्याला वाटलं मी लाड करतेय, आडवा होऊन पोट वर केलं.

परत करायचं बटण दाबलं. तोपर्यंत मला वाटत होतं की ज्या पिनकोडला वस्तू येते त्या पिनकोडहून ती परतही जाते. तसं नसतं. आणून द्यायला आमचं गाव त्यांच्या नकाशात होतं, घेऊन जायला नव्हतं. पहिल्यांदा उत्तर आलं, "तुमच्या भागात पिकअप उपलब्ध नाही." दुसऱ्यांदा नोंद झाली आणि चार दिवसांनी निरोप आला, "ग्राहक घरी उपलब्ध नव्हते." मी त्या दिवशी सकाळपासून ओटीवर बसले होते, तांदूळ निवडत. भास्कर पायाशी. तो वाटेवरच्या सायकलवरही भुंकतो, त्या दिवशी भुंकला नाही. म्हणजे कोणी आलंच नव्हतं. तिसऱ्यांदाही तेच, शब्द न् शब्द.

मग चॅटवर. तिथे माणूस नसतो, प्रश्नांची उतरंड असते. वस्तू फुटकी आहे का? नाही. अपुरी आहे का? नाही. वेगळी आली आहे, असा पर्याय दिसला म्हणून दाबला तर पार्सल उघडतानाचा व्हिडिओ मागितला. स्वयंपाकघरात विळीने पिशवी कापताना कोण व्हिडिओ काढतं? "व्हिडिओशिवाय विनंती पुढे नेता येणार नाही." यासाठी मी चार वेळा सडा चढले, त्यातल्या एकदा घसरून गुडघा फुटला. सासूबाई म्हणाल्या, "अगो, पाचशे रुपयांच्या पायी पाय मोडून घेशील." पण आता प्रश्न पाचशे रुपयांचा राहिला नव्हता.

इकडे शेपटीची गाठ वाढत होती. सासूबाईंनी खोबरेल सुचवलं, घरच्याच खोबऱ्याचं. लावलं. गाठ सुटली नाही, वर तांबडी माती चिकटून तिचा गोळा झाला आणि भास्कर दिवसभर शेपूट चाटत बसला. कोणी सुचवलं तर ऐकू नका.

पुतण्याला फोन केला, थोडं रागानेच. त्याने त्याच संध्याकाळी ठाण्यात दुकानात जाऊन ब्रश आणि कंगवा घेतला आणि रात्री मुंबईहून येणाऱ्या बसच्या ड्रायव्हरकडे पिशवी दिली. २ ऑगस्टला सकाळी सहाला नाक्यावर पिशवी हातात. ड्रायव्हरला पन्नास रुपये. ओटीपी नाही, काही नाही. "काकू, भास्कराचं ना?" एवढंच विचारलं त्याने.

तरी मी परतीचं सोडलं नाही. ज्यांचं असं अडकलं असेल त्यांनी हे लिहून घ्या. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० प्रमाणे प्रत्येक ऑनलाइन विक्री करणाऱ्याला तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो. त्याने ४८ तासांत तक्रारीची पोच द्यायची आणि महिन्याच्या आत ती सोडवायची. सांगितलेल्या वर्णनाची वस्तू नसेल तर ती परत घ्यायला विक्रेता नाकारू शकत नाही. त्या अधिकाऱ्याचा ईमेल साइटवर अगदी तळाला, बारीक अक्षरांत असतो. मी ऑर्डर क्रमांक, हातमोज्याचा फोटो आणि तिन्ही पिकअपच्या तारखा घालून मेल केला आणि १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. तिथे मराठीतही बोलता येतं. दोन दिवसांनी पोच आली. २२ ऑगस्टला, गणपतीच्या पाच दिवस आधी, पैसे परत आले. मागवल्यापासून ३९ दिवस. सोबत निरोप: "गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत. वस्तू परत पाठवण्याची आवश्यकता नाही."

आता ब्रश.

विकत घेताना तारा आपल्या मनगटाच्या आतल्या बाजूला दाबून बघा. ओरखडा उठला तर कुत्र्यालाही उठेल, त्याची कातडी आपल्याहून पातळ असते. तारांखालची गादी दाबली की खाली गेली पाहिजे. तारा केसांच्या मानाने लांब हव्यात, नाहीतर माझ्यासारखं वरवर चमकवत बसाल. आणि स्टेनलेस स्टील बघून घ्या. आमच्या खाऱ्या हवेत चिपळूणच्या ब्रशच्या तारा महिन्यात तांबूस झाल्या. मी आता ब्रश वापरून झाला की केस काढून, पुसून, चुलीवरच्या फळीवर ठेवते. तिथे बारा महिने कोरडं असतं.

करायची पद्धत डॉक्टरांनीच दाखवली होती. डाव्या हाताने केसांचा थर वर उचलून धरायचा, खालून बोटभर केस सोडायचे, तेवढेच ब्रशने खाली घ्यायचे. मग वरचे आणखी बोटभर. मध्ये भांग पाडल्यासारखी कातडी दिसली पाहिजे. जोर मनगटाचा, खांद्याचा नाही, आणि एकाच जागी घासत राहायचं नाही, कातडी भाजल्यासारखी लाल होते. शेवटी कंगवा, आधी मोठ्या दातांचा, मग बारीक. कंगवा कातडीपासून टोकापर्यंत न अडता गेला तरच ते काम झालं म्हणायचं. अडला तर तिथे गाठ आहे. कानामागे, बगलेत, जांघेत, पट्ट्याखाली, शेपटीच्या आणि मागच्या पायांच्या झालरीत. पाठ सगळ्यात शेवटी केली तरी चालते. मी नेमकं उलट करत होते.

गाठ सोडवताना ती मुळाशी चिमटीत धरा म्हणजे ओढ कातडीला लागत नाही. चिमूटभर कॉर्नफ्लोर चोळा, केस निसटायला लागतात, आणि टोकाकडून थोडं थोडं सोडवत मुळाकडे या. शेपटीची गाठ मला तीन दुपारी पुरली. कात्री सरळ आत घालू नका, गाठीत कातडी ओढली गेलेली असते आणि ती दिसत नाही. घालायचीच तर गाठ आणि कातडी यांच्यामध्ये कंगवा सरकवा आणि कंगव्याच्या वर कापा. कातडीला चिकटलेली गाठ डॉक्टरांकडेच न्या.

हो, आंघोळ. आधी विंचरणं, मग आंघोळ. गाठ भिजली की लोकर आटावी तशी आटते. समुद्रावर गेला तर घरी आल्यावर गोड्या पाण्याने धुवा, मीठ आणि रेती मुळाशी राहिली की तो खाजवतो आणि खाजवून नवी गाठ करतो. नंतर नुसतं वरून पुसून भागत नाही, आतली लोकर तासन्‌तास ओली असते. पावसात आम्ही त्याला पंख्याखाली झोपवतो. पंखा त्याचा, आम्ही घामाघूम.

पहिले काही दिवस तो ब्रश बघून खळ्यात पळायचा. मग यांनी समोर बसून चपातीचे तुकडे द्यायचे आणि मी एकच पाय करायचा, असं ठरवलं. दुपारच्या जेवणानंतर, तो सुस्त असताना. आता ब्रश काढला की स्वतःच आडवा होतो. आठवड्यातून तीनदा, वीस मिनिटं. केस झडायचा मोसम आला की रोज.

दसऱ्यानंतर सड्यावरचं गवत वाळतं तेव्हा कुसळांकडे लक्ष ठेवा. ती उलटी निघत नाहीत, आत आत जातात. बोटांच्या बेचक्या आणि कान रोज बघा. त्याच वेळी गोचीडही सापडतात. कंगवा हातात असतोच. गोचीड चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढायची, चिरडायची नाही.

एक राहिलंच. निघालेली लोकर मी आधी कुंपणावर टाकायची, बुलबुल घरट्याला नेतील म्हणून. पण मानेवर गोचिडांचं औषध घातलं असेल तर ते केस पिल्लांना बाधू शकतात. आता कचऱ्यात टाकते.

हातमोजा अजून घरात आहे. यंदा वाडीत कणगरं, म्हणजे उकडून खायचे कंद, चांगली निघाली, आणि त्यांची माती सासूबाई त्या मोज्यानेच घासून काढतात. परवा म्हणाल्या, "डाव्या हाताचा मिळतो का गो? मागव ना."