बिनसाखरेचं गारेगार : फोंड्यातून, मेअखेरची नोंद

निकाल आधी सांगून टाकतो. सोलकडीची कांडी पास. शहाळ्याचा किस पास. मानकुराद आंब्याची कुल्फी पास, पण लहान साच्यातच. एरिथ्रिटॉल (साखरेऐवजी वापरायची गोड पूड) घातलेलं व्हॅनिला नापास. स्टीव्हिया या गोड पानांच्या अर्काची कुल्फी तर इतकी नापास की साचा कोमट पाण्यात धरून बसलो तरी काडी हातात आली आणि कुल्फी आतच राहिली.

नवीन मंडळींसाठी थोडक्यात. आईला मधुमेह आहे, आणि गोव्यात हे काही जगावेगळं नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचा मधुमेहावरचा देशव्यापी अभ्यास (आयसीएमआर-इंडियाब) २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात राज्यांमध्ये मधुमेहाचं सर्वाधिक प्रमाण गोव्याचंच निघालं : २६.४ टक्के. म्हणजे जेवणाच्या टेबलाभोवती चार मोठी माणसं बसली तर एकाने आईस्क्रीमला नको म्हणायचं, असा हिशेब. त्यात मे महिन्यातली इथली हवा. पारा पस्तीसच्या आतच असतो, पण घाम अंगावरून हलत नाही. अशा वेळी घरात फक्त ताक आणि लिंबूपाणी ठेवून भागत नाही.

नियम मी दोन केले. साखर, गूळ, मध, खजूर, काकवी यातलं काही वरून घालायचं नाही. माडाचा गूळही नाही. तो कितीही ‘आपला’ असला तरी शेवटी साखरच. दुसरं, फळातली साखर मोजायची, लपवायची नाही. ‘नो ॲडेड शुगर’ आणि ‘शुगर फ्री’ या दोन पाट्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. एफएसएसएआय या देशाच्या अन्नसुरक्षा संस्थेच्या नियमांप्रमाणे ‘शुगर फ्री’ म्हणायचं तर १०० ग्रॅममध्ये साखर अर्ध्या ग्रॅमच्या वर जाता कामा नये. नुसत्या दुधातच लॅक्टोज साडेचार-पाच टक्के असतं. तेव्हा दुधाची कुठलीही कुल्फी या अर्थाने शुगर फ्री होतच नाही, आणि आंब्याची तर नाहीच नाही. याच नियमात नीरो बाद झाला. काजूच्या बोंडूंचा ताजा रस, थंडगार, वासाला वेड लावणारा, पण चांगला गोड. हळहळलो आणि सोडून दिला.

आता मुख्य भांडण, कडकपणाचं. साखर आईस्क्रीमला गोड करते हे तिचं अर्धंच काम. उरलेलं अर्धं म्हणजे पाण्याला पूर्ण गोठू न देणं. घरच्या फ्रीझरमध्ये उणे अठराच्या आसपास तापमान असतं. तिथे नुसत्या पाण्याचा सरळ बर्फ होतो. साखर विरघळलेली असली की पाण्याचा काही भाग घट्ट पाक होऊन स्फटिकांच्या मध्ये राहतो आणि म्हणून चमचा आत शिरतो. गोठणबिंदू किती खाली जाईल हे पदार्थ किती गोड आहे यावर ठरत नाही, विरघळलेले कण किती यावर ठरतं. सुक्रालोज हे कृत्रिम गोडक साखरेच्या सुमारे सहाशे पट गोड, स्टीव्हियाचा अर्क दोनशे ते तीनशे पट. म्हणजे अर्ध्या लिटरला चिमूटभरही लागत नाही. गोडी आली, कण आलेच नाहीत, कुल्फीचा दगड झाला. स्टीव्हियाला शिवाय ज्येष्ठमधासारखी मागे रेंगाळणारी चव आहे. ती वेलचीत थोडी लपते, आंब्यात अजिबात लपत नाही.

एरिथ्रिटॉलकडून बऱ्याच आशा होत्या. त्याचा रेणू साखरेच्या रेणूपेक्षा बराच हलका, त्यामुळे वजनाला वजन धरलं तर गोठणबिंदू साखरेच्या पावणेतीन पट खाली खेचतो. गोडी मात्र साठ-सत्तर टक्के. कागदावर झकास. पहिल्या रात्री खरोखरच मऊ, चमच्याने निघणारं आईस्क्रीम मिळालं. दुसऱ्या दिवशी तेच कडक, आणि दाताखाली कचकच. थंडीत एरिथ्रिटॉलची विद्राव्यता घसरते आणि ते पाण्यातून बाहेर पडून स्वतःचे खडे करतं. खडे जिभेवर विरघळताना उष्णता ओढून घेतात, म्हणून वर पेपरमिंटसारखा गारवा. पुदिन्याच्या कांडीत तो गारवा चालून जाईल, व्हॅनिलात तो परकाच वाटतो. ज्यांना वापरायचंच आहे त्यांनी अर्ध्या लिटरला तीसेक ग्रॅमवर थांबावं आणि त्याच रात्री संपवावं. झायलिटॉल हे तसंच दुसरं गोडक मी घरात आणलंच नाही. आमच्याकडे कुत्रा आहे आणि कुत्र्यांना ते विषारी असतं.

एक बाजूची गोष्ट. जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२३ मध्ये सुचवलं की वजन आटोक्यात ठेवायला स्टीव्हिया, सुक्रालोज अशा गोडकांचा आधार घेऊ नये. आधीपासून मधुमेह असलेल्यांना ती सूचना लागू नाही असंही त्यात आहे. तरी घरातल्या मुलांनाही तेच खाऊ घालायचं तर गोडीची सवय सुटणार कुठे, हा माझा प्रश्न होता.

तो सोडवला आईने. व्हॅनिलाचा दुसरा चमचा तोंडात घेऊन वाटी बाजूला सारली आणि म्हणाली, “ह्याच्यापरास आपली सोलकडी बरी रे. गोड नाय तर नाय, पण खोटं गोड कशाला?”

मीठ! साखरेची नक्कल करण्याच्या नादात मी मिठाकडे बघतच नव्हतो. मिठाचा कण मुळात हलका, आणि पाण्यात गेला की त्याचे दोन होतात. हिशेब केला तर एक ग्रॅम मीठ गोठणबिंदूच्या बाबतीत साधारण अकरा-बारा ग्रॅम साखरेचं काम करतं. अर्धा लिटर सोलकडीला चवीपुरतं साडेचार ग्रॅम मीठ पडतं, म्हणजे पन्नासेक ग्रॅम साखर घातल्यासारखंच. शिवाय थंडीत जिभेला गोडी कमी कळते, आंबटपणा तितका दबत नाही. जे मुळातच आंबट-खारट आहे ते गोठवलं तर त्याचं काही हरवत नाही. या मोसमातली माझी सगळी कमाई एवढ्यातच आहे, बाकी सगळी हातोटी.

ती हातोटी सविस्तर लिहितो, कारण पहिल्या खेपांत कांडीचे दोन मजले होत होते. खाली पारदर्शक गुलाबी बर्फ, वर पांढरा मेणचट थर. खोबरेल २४ अंशांच्या खाली घट्ट होतं. नारळाच्या पहिल्या दाट रसाचीच कांडी केली तर टाळूला मेणाचा लेप बसतो आणि चवच कळत नाही. म्हणून एका मध्यम नारळाचं खोबरं खवून कोमट पाण्यात वाटायचं, पहिला रस आणि दुसरा रस काढून दोन्ही एकत्र करायचे, सगळं मिळून अर्ध्या लिटरच्या थोडं आत. दहा-बारा सोलं (आमसुलं) पाऊण वाटी पाण्यात तासभर भिजवून कुस्करायची. सोलं या वर्षीची, अजून मऊ असलेली मिळाली तर रंग असा उतरतो की बोटं संध्याकाळपर्यंत जांभळी. लसणीच्या दोन पाकळ्या आणि अर्धी हिरवी मिरची ठेचून रसात पंधरा मिनिटं ठेवायची आणि गाळून काढायची. लसूण आत राहिली तर दोन दिवसांत अख्ख्या फ्रीझरला तिचा वास लागतो, आणि बर्फाच्या ट्रेलाही.

आता मजले होऊ नयेत म्हणून. अर्ध्या लिटरला एक ग्रॅम गवार गम, म्हणजे गवारीच्या बियांची दाटपणा आणणारी पूड. तो थेट पाण्यात टाकला तर गाठी होतात, तेव्हा आधी चमचाभर दाट रसात घोळवून घ्यायचा. मग मीठ, मग सोलांचं पाणी, मग मिक्सर. हे मिश्रण फ्रीजमध्ये दोन तास गार करायचं, पुन्हा एकदा फिरवायचं आणि लगेच साच्यात ओतायचं. कोमट ओतलं की गोठेपर्यंत चरबीला वर यायला सवड मिळते, गार आणि किंचित दाट ओतलं की ती जागच्या जागी अडकते. साच्यात वर बोटभर जागा सोडा, पाणी गोठताना नऊ टक्क्यांच्या आसपास फुगतं. चवीला एक सूचना : ओतण्याआधी मिश्रण जेवणातल्या सोलकडीपेक्षा किंचित जास्त आंबट लागलं पाहिजे.

खाताना गंमत अशी की आधी गार, मग आंबट, आणि मिरची सगळ्यात शेवटी. तिखटपणा चरबीत विरघळलेला असतो आणि चरबी तोंडात उशिरा वितळते. कांडी संपल्यावर घशाशी हलकीशी झणझणते. पाहुण्यांपैकी ज्यांना हे माहीत नसतं त्यांचे चेहरे बघण्यासारखे. मुलांसाठी मिरची वगळून जिऱ्याची पूड घालतो.

शहाळ्याचा किस यामानाने फारच सोपा. पातळ मलईचं शहाळं घ्यायचं, पाणी आणि मलई एकत्र फिरवायची, लिंबू पिळायचं, चिमूटभर मीठ, आणि पसरट स्टीलच्या डब्यात फ्रीझरमध्ये. कडेने गोठायला लागलं की काट्याने खरवडायचं, अर्ध्या तासाने पुन्हा, असं होईतो. शहाळ्याच्या पाण्यात १०० ग्रॅममागे तीन-चार ग्रॅम साखर असते, ती वहीत मांडायची. पर्र्याचं कलिंगड मिळालं तर हीच रीत, फक्त त्यात साखर जास्त म्हणून वाटी लहान.

मानकुरादाचं काय? तो न करणं शक्यच नव्हतं. मोसमाच्या सुरुवातीला डझनाचा भाव हजारांत असतो, तेव्हा त्याला गोठवणं म्हणजे पाप. मेच्या मध्यावर भाव उतरला की मग हात लावायचा. आंब्याच्या गरात शेकडा तेरा-चौदा ग्रॅम साखर असते. अर्धा गर, अर्धा घट्ट टांगलेला चक्का, कणभर मीठ आणि केशर. साठ मिलिलिटरच्या साच्यात तीस ग्रॅम गर जातो, म्हणजे एका कुल्फीत आंब्याची साधारण चार ग्रॅम साखर, वर चक्क्यातली थोडीशी. आईच्या डॉक्टरांना आकडा दाखवला, त्यांनी जेवणानंतर लगेच नको आणि एकच, असं सांगितलं. ज्यांच्या घरी असा प्रश्न आहे त्यांनी आपापल्या डॉक्टरांना विचारावं, माझा आकडा उचलू नये. चवीत मानकुरादाला तोड नाही आणि धागाही नाही. मुसराद स्वस्त मिळाला म्हणून त्याचीही केली, पण त्याचा खरा जन्म मुरंब्या-साटांसाठी.

आईस्क्रीमचा पॉट मी यंदा माळ्यावरून काढला. हाताने फिरवायचा, लाकडी बादलीचा. फ्रीझरमध्ये निवांत गोठलेल्या मिश्रणात स्फटिक मोठे होतात, पॉटमध्ये सतत फिरत राहिल्याने ते बारीक राहतात आणि हवाही मिसळते. साखर नसलेल्या मालाला याचा फायदा दुप्पट. बर्फ मासळीवाल्यांना लादी पुरवणाऱ्या कारखान्यातून आणला. तिथल्या माणसाने “सुरमई किती?” विचारलं, आईस्क्रीम म्हटल्यावर त्याने माझ्याकडे नीट पाहून घेतलं. मीठ आगरवाड्याच्या मिठागराचं, जाडं, किंचित राखाडी. पुरुमेंताच्या (पावसाळ्याच्या बेगमीच्या) बाजारात या दिवसांत भरपूर मिळतं. तीन भाग बर्फाला एक भाग मीठ. मीठ बर्फाला वितळवतं, वितळायला लागणारी उष्णता भांड्यातून ओढली जाते आणि खारं पाणी तत्त्वतः उणे २१ अंशांपर्यंत उतरू शकतं. बारीक मीठ झटकन विरघळून खाली बसतं, जाडं हळूहळू काम करत राहतं. पॉटमध्ये सोलकडी फिरवली ती अगदी मलईदार आली, पण खरं सांगू का, मला कांडीच आवडते. सोलकडी चमच्याने खायची सवय जिभेला नाही.

मोठ्यांसाठीची एक आवृत्तीही आहे. नुसत्या सोलांच्या पाण्यात जिरं, मीठ आणि अर्ध्या लिटरला दोन छोटे चमचे काजूची फेणी. अल्कोहोलचा रेणू फारच हलका, तेवढ्याने पंचवीसेक ग्रॅम साखरेइतकं मऊपण येतं आणि काट्याने खरवडायचे कष्ट निम्मे होतात. मधुमेहाच्या गोळ्या चालू असणाऱ्यांनी त्या वाटेला जाऊ नये. आमच्याकडे तो डबा वेगळा आणि त्यावर चिठ्ठी.

विजेचं सांगायलाच हवं. मेच्या उत्तरार्धात संध्याकाळी ढग गडगडले की दिवे जातात. अर्धवट वितळून पुन्हा गोठलेल्या कांडीत लहान स्फटिक विरून मोठ्यांना चिकटतात आणि सगळं खरखरीत होतं. गवार गम थोडा अटकाव करतो, थोडाच. मी फ्रीझरच्या रिकाम्या जागेत मिठाच्या पाण्याच्या बाटल्या गोठवून ठेवल्या आहेत. दोन-तीन तास निभावून नेतात. त्यापुढे वीज आली नाही तर सरळ शेजाऱ्यांना हाक मारायची आणि वाटून टाकायचं.

आता पाऊस तोंडावर आला, ओली भिरंडं (ताजी कोकमं) संपत आली, पण बाजारात जांभळं दिसायला लागली आहेत. जांभळाला रस्त्यावर आपण मीठच लावून खातो, तेव्हा तर्क तोच. बंद डब्यात मीठ घालून जांभळं जोरात हलवली की गर बियांपासून बराच सुटतो. तो चाळणीवर घासून त्यात निम्मं घट्ट दही. अडचण तुरटपणाची आहे. थंडीत तो कमी होतो की वाढतो हे कळायला दह्याची आणि नारळाच्या रसाची अशा दोन खेपा शेजारी शेजारी लावणार आहे. कुणी आधी करून पाहिलं असेल तर मिठाचं प्रमाण कळवा. मी अर्ध्या लिटरला तीन ग्रॅमपासून सुरुवात करतोय.