ओटीची गाठ

मी 1993 साली आठवीत होते. तेव्हा आपला शहादा तालुका धुळे जिल्ह्यात होता आणि चित्रकलेचा तास असायचा शनिवारी, सकाळच्या शाळेत, अगदी शेवटचा. आमचे चित्रकलेचे सर एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या सरकारी चित्रकला परीक्षांची तयारी मनापासून करून घेत. पण दिवाळीनंतरचे काही शनिवार ते नुसत्या छापकामाला राखून ठेवत. मला लिहायचंय ते त्या शनिवारांबद्दल.

सरांनी सुरुवात केली पोळ्यापासून. ‘‘बैलाच्या अंगावर ठसे कोण मारतं?’’ निम्म्या वर्गाचे हात वर. कुणी वाटी गेरूत बुडवून मारायचं, कुणी बांगडीने. ‘‘मग छपाई तुम्हाला येते. आता ठसा प्रत्येकाने स्वतःचा करायचा,’’ एवढंच ते म्हणाले. अट मात्र कडक होती. नाव नको, आडनाव नको, आद्याक्षर नको. देव, झेंडा, पक्षाचं चिन्ह तर नाहीच. आडनाव कळलं की आपल्याकडे पुढचं सगळं न विचारताच कळतं. ते दार सरांनी आधीच लावून घेतलं, असं मला आज वाटतं.

पहिल्या दिवशी बहुतेकांच्या वहीत कमळ, गुलाब, मोर उतरले. सर कुणावर रागावले नाहीत. बाकाबाकापाशी थांबून एकच विचारत गेले, ‘‘दिवसभरात तुझ्या हाताला काय काय लागतं?’’

माझ्या हाताला कापूस लागायचा. सुटीच्या दिवशी आईबरोबर मी वेचणीला जायचे. बोंडाच्या सुकलेल्या टोकांनी नखांजवळची कातडी सोलून निघायची. जुन्या लुगड्याची ओटी कमरेला बांधायची, ती भरत जाईल तशी पुढे ओढायला लागायची आणि सगळा भार एका गाठीवर यायचा. सरांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, ‘‘ती गाठ काढ. कापूस सगळेच काढतील.’’

गाठ काढणं फार अवघड. दोन पदर एकमेकांवरून जातात, वरचा कुठला, खालचा कुठला? वर्गाच्या शेवटच्या बाकावरून ओळखू आली पाहिजे, असं सरांचं म्हणणं. त्यामुळे एकेक रेघ कमी करत गेले. सुरकुत्या गेल्या, कापडाची नक्षी गेली, शेवटी एक वेढा आणि दोन टोकं उरली.

ठसे कोरायला वापरतात ते लिनोलियम आमच्या आवाक्यातलं नव्हतं. सर झिजलेल्या स्लीपरचे तळ आणायला सांगायचे. त्या रबरावर ब्लेडने छान कापता येतं. बारीक कोरायला छत्रीची तार. ती पन्हाळीसारखी असते, टोक दगडावर घासलं की उत्तम कोरणी होते. बाजारपेठेतल्या लग्नपत्रिकांच्या प्रेसमधून शाई, जुना रोलर आणि कागदाची कात्रणं यायची. काचेवर शाई पसरून रोलर फिरवायचा. चर्र चर्र आवाज बारीक झाला की शाई बसली समजायचं. मग ठशावर शाई, वर कागद आणि पळीच्या पाठीने घोटायचं. जे कोरून काढलं ते पांढरं, जे राखलं ते काळं.

माझा पहिला ठसा घरी नेला. आईने तो बराच वेळ पाहिला आणि म्हणाली, ‘‘मी तं गाठ डावीकडे मारस, हाई उजवीकडे कशी गई?’’ छापताना चित्र उलटतं, हे सरांनी मुद्दाम सांगितलं नव्हतं. आमच्या वर्गाला ते माझ्या आईकडून कळलं. पुढच्या शनिवारी मी गाठ उलटी कोरली, तेव्हा ती कागदावर सुलटी आली.

वर्गात धडगावकडचा, वसतिगृहात राहणारा एक मुलगा होता. घरी पावरी बोलणारा, वर्गात क्वचितच बोलणारा. त्याने कोरला वाळलेला दुधी भोपळा. होळीत नाचणारे बुध्या कमरेला बांधतात तो. आम्ही सगळे त्याच्याभोवती जमलो आणि तो सांगत राहिला: मोरपिसांचे टोप, अंगावरची राखेची नक्षी, रात्रभरचा नाच. मराठीत अडला तिथे त्याने हाताने दाखवलं. केळीच्या मळ्यातल्या एकाने तर काही कोरलंच नाही. पानाचा दांडा आडवा कापला, आत जाळी होतीच, तीच शाईत बुडवून छापली. सरांनी ती सगळ्यात आधी भिंतीवर लावली.

प्रत्येकाने वर्गातल्या सगळ्यांपुरत्या प्रती काढायच्या, खाली पेन्सिलीने डावीकडे प्रतीचा आकडा, उजवीकडे सही, आणि मग वाटायच्या. त्यामुळे भोपळा, जाळी, गाठ अशा सगळ्यांच्या खुणा सगळ्यांच्या घरी गेल्या.

आता मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. माझी मुलं पहिल्यांदा मोबाइल काढतात, आवडत्या खेळाडूची जर्सी काढतात. मीही रागावत नाही, सरांचाच प्रश्न विचारते. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबातल्या एका मुलीने मागच्या वर्षी तीन विटांची चूल कोरली. ‘‘ही सगळीकडे येते,’’ ती म्हणाली.

इंटरमिजिएटच्या श्रेणीचे आता दहावीला जादा गुण मिळतात, अ श्रेणीला 7, ब ला 5, क ला 3. पालक त्याची चौकशी करतात, ते योग्यच आहे. पण छापकामाच्या शनिवारांना गुण नव्हते, आणि तेच शनिवार मला नुसतं चित्र नाही, माझ्या शेजारी बसलेलं पोर ओळखायला शिकवून गेले.

म्हणून आपल्या त्या शाळेच्या मुख्याध्यापकांना आणि संस्थाचालकांना माझी विनंती आहे. आठवीच्या वर्गासाठी शाई, रोलर आणि कागदाचा खर्च येत्या जूनपासून मी करेन. तुम्ही फक्त वेळापत्रकातला तो तास राखा, आणि परीक्षा जवळ आली म्हणून तो गणिताला देऊ नका.